रेघमास्तरांच्या वह्या

रेघमास्तर टेनिसच्या मॅचमध्ये चेंडूकडे बघत नसत. उंच खुर्चीवर बसलेला पंच चेंडूकडे बघत नाही, म्हटल्यावर नवे लोक हसायचे. मास्तर म्हणायचे, "चेंडू काय, इकडून तिकडं जाणारच की. तो रेघेपाशी येतो, तेवढंच मला बघायचंय." हे ते इतक्या ठाम आवाजात सांगत, की ऐकणाऱ्याला स्वतःच्याच डोळ्यांचा संशय यावा. मला तो कधी आला नाही. हा माणूस मला आवडला नाही आणि त्याला जाऊन दीड वर्ष झालं, तरी आवडत नाही.

ते मूळचे वळसंगचे. सोलापुरात एका शाळेत चित्रकला शिकवायचे. आमच्याकडे हिवाळ्यात मुलींची व्यावसायिक टेनिस स्पर्धा भरते. परदेशी मुली आठवडाभर येतात, खेळतात, पुढच्या गावाला जातात. स्पर्धा सुरू झाली तेव्हा सगळी कोर्टं लाल मातीची होती आणि पंचाची परीक्षा दिलेला गावात हा एकच माणूस होता. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन ते टेपनं रेघा मोजायचे. अर्ध्या बोटाचा फरक निघाला तर पूर्ण रेघ पुसून पुन्हा चुना मारायला लावायचे. नाव तिथूनच पडलं.

त्यांच्या तोंडून गोड शब्द मी ऐकला नाही. एकदा अध्यक्षांचे पाहुणे सर्व्हिस चालू असताना उठून उभे राहिले. मास्तरांनी खेळ थांबवला आणि माइकवरून सांगितलं, "पाहुण्यांना बसवा, न्हायतर घरी सोडा." लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या एका मॅचमध्ये एका जपानी मुलीच्या पायात गोळा आला. ती रडत अजून एक मिनिट मागत होती. मास्तर घड्याळ बघून म्हणाले, "वेळ संपली." त्या दिवशी टाळ्या वाजल्या नाहीत, पण बाहेर पडताना लोक म्हणालेच, "मास्तर म्हणजे मास्तर. चुकायचे न्हाईत." गावाची अशी खात्री होती. माझ्या वडिलांचीही होती.

आम्ही सोलापूरजवळच्या कुंभारीचे. वडील चादरींच्या कारखान्यात होते. पाळी सांभाळून ते मला स्कूटरवर कोर्टावर आणायचे. मी सतरा वर्षांची असताना मला स्पर्धेत थेट प्रवेश मिळाला. सोलापूरची मुलगी मुख्य स्पर्धेत पहिल्यांदाच उतरत होती. वडिलांनी रजा काढली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि पहिल्या रांगेत येऊन बसले.

समोर थायलंडची मुलगी होती. पहिला सेट मी घेतला, दुसरा तिनं. तिसऱ्यात मॅच पॉइंट माझा होता, आणखी एक गुण मिळाला की मॅच माझी. मी उलट्या हातानं चेंडू तिच्या डाव्या कोपऱ्यात मारला. ती पोचली नाही. रेघेवरच्या पंचानं दोन्ही तळहात जमिनीकडे करून चेंडू आत असल्याची खूण केली. लोक उठले. तेवढ्यात खुर्चीवरून आवाज आला, "आउट."

मी ठसा बघायची मागणी केली. मातीवर चेंडूचा ठसा उमटतो. मास्तर खाली उतरले, शांतपणे चालत गेले, वाकले आणि रेघेबाहेरच्या एका ठशावर बोट ठेवलं. तो ठसा आधीच्या चेंडूचा होता. माझा ठसा रेघेला चिकटून होता, मला तो दिसत होता. मी म्हटलं, "सर, हा बघा, हा." ते म्हणाले, "मी बघितलं. खेळ."

त्यानंतर मी एकही गेम जिंकले नाही.

वडिलांनी मला स्कूटरवर कुंभारीला आणलं. दारात उतरल्यावर म्हणाले, "आत होता का गं?"

"होता."

त्यांनी स्कूटर स्टँडवर लावली. "मास्तर चुकायचे न्हाईत, बाळा. घाईत तुलाच तसं दिसलं आसंल."

पराभव मी पचवला असता. हे वाक्य पचलं नाही. वर्षभरात माझा खेळ सुटला. मी शिक्षिका झाले, लग्न झालं, सोलापुरातच जुळे सोलापूर नावाच्या भागात राहायला आले. वडील गेले, ते मला घाईत तसं दिसलं होतं असं मानतच गेले.

मध्ये काही वर्षं स्पर्धा बंद होती. ती पुन्हा सुरू करायची ठरलं, तेव्हा समितीला स्पर्धेचा इतिहास छापायचा होता आणि लिहायचं काम माझ्याकडे आलं. कार्यालयात जुने फोटो होते, बाकी काही नाही. सगळ्यांनी एकच सांगितलं, मास्तरांकडे जा. त्यांनी प्रत्येक मॅचची नोंद वह्यांमध्ये ठेवली आहे. मी आठ दिवस टाळलं आणि मग गेले.

मास्तर थकले होते, पण स्वभाव जागेवर होता. मला ओळखलं की नाही, ते दाखवलं नाही. "वह्या घराबाहेर जाणार न्हाईत. हितं बसून उतरून घे," म्हणाले. मी शाळा सुटल्यावर रोज जायची. त्यांची मुलगी चहा आणून ठेवायची, आणि मास्तर माझ्या कागदात डोकावून शुद्धलेखन तपासायचे. "शिक्षिका ना तू?" असं एकदा म्हणाले. मी तो शब्द दुरुस्त केला. वह्या मात्र अशा होत्या, की हेवा वाटावा. कुठल्या कोर्टावर ओल होती, वारा कुठून होता, कुणाची रॅकेट तुटली, सगळं बारीक, सरळ अक्षरात.

तिसऱ्या आठवड्यात माझी मॅच आली. खाली तांबड्या शाईनं लिहिलं होतं, 'मॅच पॉइंटला पंचाची चूक. चेंडू आत होता. ठसा चुकीचा पाहिला. संध्याकाळी कोर्टावर जाऊन पुन्हा तपासले.'

मी ते तीनदा वाचलं. मग वही त्यांच्यापुढे धरली. "हे तुम्हाला त्याच दिवशी कळलं होतं?"

"लिहून ठेवलंय की."

"मला का नाही सांगितलं?"

"निकाल बदलला नसता."

"निकालाचं राहू द्या. माझंच चुकलं असं समजून माझे वडील गेले, सर. तुम्ही एकदा कुंभारीला येऊन एवढं सांगितलं असतं, तर..."

त्यांनी वही परत माझ्याकडे सरकवली. माफी मागतील असं मला वाटलं. ते म्हणाले, "पान उलट."

मागच्या पानावर पहिल्या सेटची नोंद होती. 'पाचवा गेम. दोन टप्पे पडल्यासारखे वाटले, खात्री नाही. गुण सोलापूरच्या मुलीला. मुलीने काही सांगितले नाही.'

चेंडू दोनदा टप्पा घेऊन माझ्या रॅकेटवर आला होता. नियमानं तो गुण समोरच्या मुलीचा होता आणि मला ते त्या क्षणी माहीत होतं. मी मान खाली घालून पुढच्या सर्व्हिसला गेले होते. इतक्या वर्षांत ते मी नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं.

"छापायचं तर दोन्ही छाप," मास्तर म्हणाले.

मी एकच छापलं. समितीतल्या दोघांनी विरोध केला, तरी मास्तरांची चूक मी पुस्तकात घातली. माझी नाही. मास्तरांनी प्रत वाचली आणि मला फोन केला. "माझं बरोबर लिहिलंयस," एवढंच बोलून ठेवून दिला. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

त्या पावसाळ्यात ते गेले. कोर्टावरच शोकसभा झाली. अध्यक्ष म्हणाले, मास्तर मनमिळाऊ होते. माझी पाळी आली, तेव्हा मी सांगितलं की ते मनमिळाऊ नव्हते. त्यांनी माझी मॅच घालवली आणि कळूनही गप्प राहिले. मग मी दोन टप्प्यांचं सांगितलं. पहिल्यांदाच, माइकवर, सगळ्या गावासमोर. नंतर अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, आज हे बोलायची गरज होती का?" मी म्हटलं, "होती." मास्तरांची मुलगी गेटपाशी थांबली होती. ती म्हणाली, "घरीपण असेच होते ते. वह्या घेऊन जा, ताई. आमच्याकडं कुणाला नकोत."

आता नोंदी मी ठेवते. रेघेवरच्या पंचाची परीक्षाही दिली. यंदाच्या स्पर्धेत, सिमेंटच्या कोर्टावर, बेसलाइन, म्हणजे कोर्टाची मागची रेघ, माझ्याकडे होती. निर्णायक सेटमध्ये मी नागपूरच्या एका मुलीचा चेंडू बाहेर दिला. खुर्चीवरच्या पंचांनी माझाच निर्णय धरला आणि ती हरली. चहाच्या टपरीवर कुणीतरी मोबाइलवर काढलेला व्हिडिओ बघत होतं. चेंडू रेघेवर होता.

मी तडक खेळाडूंच्या खोल्यांकडे गेले. मुलगी सामान भरत होती, आई पलंगावर बसली होती. मी दारातूनच दोघींसमोर सांगितलं, "तुझा चेंडू आत होता. मी चुकले."

मुलीनं हातातलं सामान खाली ठेवलं. "मग आता काय उपयोग?"

"निकाल बदलणार नाही. पण तुला बरोबर दिसलं होतं."

"मी आईला तेच सांगत होते," ती म्हणाली आणि रडायला लागली. आई उठली, माझ्याकडे रागानं बघत तिनं दार लावून घेतलं. आतून मुलीचं रडणं आणि आईचं बोलणं ऐकू येत होतं. आई म्हणत होती, "होता गं, आत होता." मी तिथून निघाले.