कुठलंही दाबा, ज्ञ

बुद्धप्रिया नरवाडे एका जागी निवांत बसली आहे, असं तिच्या आईनंसुद्धा कधी पाहिलं नव्हतं. जेवता जेवता उठून खिडकी लावायची, तिथून दोरीवरचे कपडे काढायला जायची, आणि ताटातली भाकरी वाळून जायची. हिमायतनगरहून रोज स्कूटीवर ती एका खेड्यातल्या शाळेत पहिलीला शिकवायला जाई. तिनं किती गोष्टी हाती घेतल्या आणि अर्ध्यावर टाकल्या, त्याला सुमार नव्हता. "तुझ्या पायाला भिंगरी हाय," असं नवरा अश्वजित म्हणायचा.

यंदा शाळेत एक जुना कॉम्प्युटर आला आणि तिच्या डोक्यात खेळ शिरला. पडद्यावर क पासून ज्ञ पर्यंत बटणं. कॉम्प्युटर अक्षर बोलणार, पोरांनी ते बटण दाबायचं. मोबाइलवर व्हिडिओ बघत बघत ती पायथन ही प्रोग्राम लिहायची भाषा शिकली. एकेक बटण कोण लिहीत बसणार, म्हणून तिनं लूप लावला, म्हणजे एकदाच लिहायचं आणि कॉम्प्युटरनं तेच अक्षर बदलत परत परत करायचं. सगळी बटणं रांगेत उभी राहिली तशी ती टाळ्या पिटतच उठली.

मग तिनं क दाबलं. दाबलेलं अक्षर दाखवायच्या चौकटीत उमटलं ज्ञ. म दाबलं, तरी ज्ञ.

सगळा रविवार त्यात गेला. ती बसायची, उठायची, अंगणात चकरा मारायची, परत येऊन दाबायची. गॅसवरचा चहा उतू गेला.

"काय करून राहिलीस? बस की जरा," अश्वजित म्हणाला.

"कसं बसू? काहीबी दाबलं की ज्ञच येऊन राहिलंय!"

"मग ज्ञपासूनच शिकव पोरांना."

ती हसली नाही. तिनं फक्त क, ख, ग एवढीच बटणं ठेवून पाहिली. आता कुठलंही दाबलं की ग. म्हणजे येतं ते कायम शेवटचंच. पण का? तिनं सिंधुला फोन लावला. सिंधु तिची डी.एड.ची मैत्रीण, आता लातूरला कॉम्प्युटर क्लास घेते.

"हळू बोल गं बाई," सिंधु म्हणाली. "हे बघ. तू फळ्यावर एकेक अक्षर लिहून पुसत गेलीस, आणि प्रत्येक बटणाला सांगितलंस, दाबलं की फळ्यावरचं वाच. पोरगं दाबणार कधी? तुझं लिहून झाल्यावर. तवा फळ्यावर काय उरलंय?"

"ज्ञ!"

"हाव. म्हणून बटण बनवतानाच त्याचं अक्षर त्याच्या हाती दे."

बुद्धप्रियानं निरोप न घेताच फोन ठेवला. थोड्या वेळानं क दाबल्यावर क आलं.

सोमवारी पोरांची रांग लागली. बरोबर दाबलं की घंटी वाजे. चुकलं की तिनंच भरलेला आवाज येई, "आं! असं कसं? नीट बघ बरं!" पहिली आली तेजल, वर्गातली सगळ्यात हुशार पोरगी. कॉम्प्युटर 'ब' म्हणाला, तिनं घाईत 'ट' दाबलं. बाईंचा आवाज खेकसला आणि वर्ग खदखदा हसला. मग काय, प्रत्येक पोरगं मुद्दाम चुकायला लागलं. बुद्धप्रियाचं डोकं तापलं. तिनं खटकन कॉम्प्युटर बंद केला.

घरी जाताना तिनं अर्ध्या रस्त्यात स्कूटी थांबवली. पोरांना अक्षर येत नव्हतं असं नाही. त्यांना गंमत हवी होती, आणि गंमत तिनं चुकीच्या बटणाला बांधून ठेवली होती! तिला स्वतःचा राग आला, हसूही आलं.

त्याच संध्याकाळी तिनं चुकीचं बटण मुकं केलं. बरोबर बटणाला अश्वजितचं कोंबड्यासारखं आरवणं दिलं. आवाज भरताना तो लाजला, शेजारची कुत्री भुंकली, पण काम झालं.

दुसऱ्या दिवशी वर्ग चिडीचूप. एकेक पोरगं बटण हुडकू लागलं, आणि आरवणं आलं की सगळे उड्या मारत. 'ण'ला मात्र एक पोरगी अडली. तिचं बोट पडद्यावर नुसतं फिरत राहिलं. बुद्धप्रियाची जीभ शिवशिवत होती. सांगावं का? तिनं पदर चावला. शेवटी तिला तिथं उभंच राहवेना, म्हणून ती व्हरांड्यात गेली आणि तिथं चकरा मारू लागली.

आतून कोंबडा आरवला.