नखांतली हजेरी

“हात दाखवा.”

वर्गात शिरल्यावर बाईंचं पहिलं वाक्य हेच असे. शाळेत हात दाखवायला सांगतात ते नखं स्वच्छ आहेत का ते पाहायला, हे तुम्ही-आम्ही सगळ्यांनी भोगलेलं आहे. बाईंचं उलट होतं. ज्याच्या नखांत माती तो हजर. ज्याची नखं स्वच्छ, त्याच्याकडे चष्म्यावरून पाहत त्या म्हणायच्या, “तू गैरहजर. चल, ऊठ.” आणि त्याच्या आधी स्वतःच बाहेर पडायच्या.

बाहेर म्हणजे शाळेच्या मागे, टेकडीच्या अंगाला. आमची शाळा वारज्यात. मी तिथे गणित शिकवतो आणि माझ्या वर्गाची खिडकी नेमकी त्या मागच्या जागेवर उघडते. त्यामुळे इच्छा असो वा नसो, बाई मला रोज दिसत. त्यांचा विषय कार्यानुभव. इतर शाळांत कार्यानुभव म्हणजे थर्माकोलचं घर, तेही आईने रात्री करून दिलेलं. बाईंनी त्या पडीक जागेतले दगड सातवी-आठवीच्या मुलांकडून वेचून घेतले, वाफे केले, खताचा खड्डा खणला. मेथी, मुळा, पावटा, रताळी असं काहीबाही तिथे यायला लागलं.

मी एकदा म्हटलं, “बाई, ही मुलं परीक्षेत रताळी लिहिणार का?”

“अहो, तुमच्या वर्गात तरी कुठे काय लिहितात?” त्या म्हणाल्या आणि मातीचे हात ओढणीला पुसले. प्रत्येक ओढणीचं एक टोक त्यांनी असं कायमचं वाया घालवलं होतं.

मग जरा थांबून म्हणाल्या, “या वयात हाताला काम नसलं ना सर, की मुलं स्वतःलाच कुरतडत बसतात.”

हे त्या सानियाकडे बघून म्हणाल्या. सानिया आठवीत, वडिलांचं शिलाईचं दुकान. माझ्या तासाला ती तोंड उघडत नसे. उत्तर येत असलं तरी नाही. मागे वाफ्यांवर मात्र ती इतर मुलांना दटावताना मला खिडकीतून ऐकू येई. “अरे, मुळाशी नको पाणी घालू, कडेनं घाल!” पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आवाज कोणाचा हेच मला कळेना.

रताळ्यांना उंदीर लागले आणि उंदरांमागून धामण आली. थंडीत खताचा खड्डा आतून उबदार असतो, तिथे पोत्याखाली तिने मुक्काम ठोकला. बाईंनी मुलांना लांबून ती दाखवली. बिनविषारी आहे, हात लावायचा नाही, ओरडायचं नाही, सावकाश मागे सरकायचं. मुलांनी तिचं नाव ठेवलं भाडेकरीण. भाडं म्हणून उंदीर. “पुण्यात इतकी गुणी भाडेकरीण मिळत नाही,” असं बाई म्हणायच्या. मुलांनी ही गोष्ट घरीसुद्धा सांगितली नव्हती.

त्याच हिवाळ्यात संस्थेला ती जागा खेळाच्या टर्फसाठी हवीशी झाली. हिरवं कृत्रिम गवत, वर दिवे. मुख्याध्यापकांनी मधला मार्ग काढला. पालकांना एकदा बोलवा, त्यांना पसंत पडलं तर वाफे राहतील. बाई कामाला लागल्या. मुलांनी कुंपण नवं बांधलं, वाटा झाडल्या. आदल्या दिवशी मी म्हणालो, “बाई, उद्यापुरती ती भाडेकरीण हलवा.”

“एवढ्या थंडीत कुठे घालवू तिला? आणि मुलांना काय सांगू, पाहुणे येणार म्हणून तिला हाकललं?”

त्यांनी मुलांना बजावलं, उद्या त्या पोत्याला कोणी हात लावायचा नाही. पण जाता जाता असंही म्हणाल्या, “तुम्हाला इथलं जे सगळ्यात आवडतं ना, ते घरच्यांना दाखवा.”

पालक आले. मुळे उपटून खाल्ले, फोटो काढले. आयटीतले एक वडील “वा, प्युअर ऑरगॅनिक!” म्हणत दोन जुड्या पिशवीत घालून मोकळे झाले. बाईंचा चेहरा इतका खुललेला मी त्याआधी पाहिला नव्हता. आणि सानिया अम्मीचा हात धरून तिला खड्ड्याकडे घेऊन गेली. “अम्मी, देखो, हमारी भाडेकरीण,” म्हणाली आणि तिने पोतं उचललं.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. मोठी माणसं किंचाळत मेथी तुडवत पळाली. मुलं मात्र शिकवल्याप्रमाणे तोंडं मिटून सावकाश मागे सरकली. संध्याकाळपर्यंत त्याचा व्हिडिओ सगळ्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरला. सर्पमित्र येऊन धामण कापडी पिशवीतून घेऊन गेला आणि संस्थेला मतं मोजायची गरजच पडली नाही.

सानियाला बाईंनी जवळ घेतलं. “तू चुकली नाहीस गं. सगळ्यात चांगलं तेच दाखवलंस.” ती काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, त्यानंतरही नाही. वर्गातल्या मुलांनी तिच्याशी बोलणं टाकलं होतं. तेरा-चौदाव्या वर्षी मुलं किती कठोर होऊ शकतात, ते मी त्या दिवसांत पाहिलं. बाईंनी समजावून पाहिलं, रागावून पाहिलं, उपयोग झाला नाही.

जेसीबीला वाफे उलटवायला एक सकाळही लागली नाही. बाईंना बदली तास दिले गेले. ज्या वर्गाचे शिक्षक रजेवर, तिथे जाऊन मुलांना गप्प बसवायचं. वर्षाअखेर त्यांनी राजीनामा दिला तेव्हा त्यांना थांबवायला कोणी गेलं नाही. मीही गेलो नाही, कारण थांबा म्हणण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

शेवटच्या दिवशी त्या आठवीच्या वर्गात आल्या. माझाच तास होता, मी बाजूला सरलो.

“हात दाखवा.”

सगळ्यांनी हात पुढे केले. बाई बाकांमधून फिरल्या, एकेक हात पाहत, अजिबात घाई न करता. सगळी नखं लख्ख होती. खिडकीबाहेर हिरव्या गवतावर शिट्टी वाजत होती.

“आज सगळेच गैरहजर,” बाई म्हणाल्या.

शेवटच्या बाकावर सानियाने हात मागे लपवले होते. बाई तिच्यासमोर वाकल्या आणि त्यांनी आपलेच दोन्ही हात तिच्यापुढे धरले. तिने वाकून त्यांची लख्ख नखं पाहिली. मग कित्येक महिन्यांनी त्या वर्गात तिचा आवाज ऐकू आला.

“तुम्हीपण, बाई.”

बाईंनी हात ओढणीला पुसले. त्यांवर पुसण्यासारखं काहीच नव्हतं.