तोंड भिंतीकडे

"तोंड भिंतीकडे कर बे."

सर म्हणायचे आणि मी करायचो. मेहकरला त्यांचं कॉम्प्युटर सेंटर होतं. तिथे मी अकरा वर्षं शिकवलं. मशीनमध्ये काही नवं टाकायचं असलं की ॲडमिनचा पासवर्ड लागे. तो दोघांनाच ठाऊक. सरांना आणि त्यांच्या पुतण्याला. पुतण्या माझ्याच हाताखाली शिकलेला. सर पासवर्ड टाकत तेव्हा तो खुर्चीवर पाय हलवत बसून असे आणि मी, चाळिशी ओलांडलेला मास्तर, वीस पोरांसमोर भिंतीकडे तोंड करून उभा. भिंतीला ओल होती. त्या ओलीचा आकार मी आजही न बघता काढून दाखवीन.

एकदा मागून कोणीतरी म्हणालं, "सर, मास्तरले कान बी धरायले लावा ना."

सगळे हसले. मीही हसलो. भिंतीकडे बघत.

हे सांगणं सोपं आहे, कारण हे माझ्यावर झालं. पुढचं मी केलं.

आमच्या बौद्ध वस्तीतली पोरं सेंटरला येऊ लागली तेव्हा सरांनी मला बाजूला घेतलं. "तुमचे पोरं मशीन खराब करतात. त्यायचं लॉगिन येगळं कर. मशीन चालू झाली का त्यायचं सारं साफ."

"हाव सर."

मी भिंतीकडे तोंड केलं, सरांनी पासवर्ड टाकला, मग मी खुर्चीवर बसलो आणि ते लॉगिन तयार केलं. चौदा ओळींचा कोड. नाव ठेवलं 'वस्ती'. माझ्या आजोबांसाठी हॉटेलाबाहेर खिळ्याला वेगळा कप टांगलेला असे. तो कप मी कॉम्प्युटरमध्ये आणून टांगला. आणि पहिल्या झटक्यात जमलं म्हणून मला आनंद झाला होता. तोही लिहून ठेवतो.

पोरांना काही सांगितलं नाही. ती रोज सराव करायची, तो रोज पुसला जायचा. सरावाचं कोण बघतं?

मग सुजाता. आमच्या शेजारची, कॉलेजात शिकणारी. तिला प्रकल्प द्यायचा होता, सोमवारी शेवटचा दिवस. वस्तीतल्या बेचाळीस घरांत पाणी कुठून येतं, कोण भरतं, हे तिनं दारोदार जाऊन विचारलं होतं. वहीत नुसत्या खुणा. बायका काय बोलल्या ते तिनं शनिवारी सातव्या मशीनवर बसून, आठवून आठवून लिहिलं. सकाळपासून. जेवायलाही उठली नाही.

चारच्या सुमाराला लाइन गेली. बॅटरी फक्त पुढच्या रांगेला होती. लाइन आली, मशीन चालू झालं. लॉगिन कोरं.

"मी सेव्ह केलं होतं सर. तीनदा केलं."

सर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "या लोकायले काही द्या, टिकतच नाही." मग माझ्याकडे वळले. "काऊन मास्तर, खरं ना?"

मी म्हणालो, "हाव सर. तिच्याच हातून गेलं."

सुजातानं माझ्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या बोटांकडे.

ती बोटं मला घरापर्यंत सोडायला आली.

घरी माझ्या जुन्या लॅपटॉपवर मी वर्षभर लिनक्स वापरत होतो. फुकटची सिस्टीम आहे, जुन्या मशीनवर चालते, एवढ्याच कारणानं घेतलेली. त्याचा पेनड्राइव्ह खिशात टाकून रविवारी सकाळी सेंटरला गेलो. किल्ली माझ्याकडेच असे, कारण झाडू मारायचं कामही माझंच. सातवं मशीन पेनड्राइव्हवरून चालू केलं.

पासवर्ड कोणी विचारलाच नाही.

डिस्क उघडी. पुतण्याचे सिनेमे, सरांचे पेपर, सगळं समोर. अकरा वर्षं ज्या पासवर्डसाठी मी भिंत पाहिली, तो या दारानं आत जायला लागतच नव्हता.

पुसलेल्या फायली शोधणारं एक ओपन सोर्स साधन लावलं. कुठल्या तरी अनोळखी माणसानं ते लिहून सगळ्यांसाठी खुलं ठेवलेलं. त्यानं माझी जात विचारली नाही, तोंड फिरव म्हणाला नाही. दोन तासांनी फायली आल्या. नावं गेलेली, नुसते आकडे. एकेक उघडत गेलो. एकीत होतं: 'चौथ्या घरची बाई म्हणाली, हापसा पाटलाच्या गोठ्याले जवळ, आमाले दूर.'

सापडलं. बेचाळीसही घरं.

तेवढ्यात सर आत आले. "पासवर्ड कोनं देला तुले?"

"कोणीच नाही. लागला नाही."

ते स्क्रीनकडे बघत राहिले. त्यांना काही कळत नव्हतं, आणि ते मला दिसत होतं. मग सवयीनं म्हणाले, "तोंड भिंतीकडे कर."

"तुमीच करा. मले अजून काम हाये."

फाइल घेतली. किल्ली कीबोर्डवर ठेवली. निघालो.

सुजाताला फाइल दिली, ती 'वस्ती' लॉगिननंच पुसली होती हेही सांगितलं. तिनं एकच विचारलं, "ते लॉगिन कोनं बनवलं होतं, काका?"

"म्या."

तिनं माफ केलं नाही. मी मागितलंही नाही. तेव्हापासून ती मला काका म्हणत नाही, मास्तर म्हणते.

आज विहाराशेजारच्या खोलीत सहा मशीनं आहेत. भंगारातली, सगळी लिनक्सवर. कंपनीनं वाऱ्यावर सोडलेले जुने मोबाइलही आम्ही खुली सिस्टीम टाकून चालवतो. प्रत्येक पोर आपल्या मशीनचा मुख्य पासवर्ड पहिल्याच दिवशी स्वतः ठरवतं. तो मला माहीत नसतो. पोरगं टाइप करतं तेव्हा मी खोलीबाहेर जातो.

मागच्या महिन्यात पुतण्या दारात आला. सेंटरला आता पोरं कमी झालीत. "सर म्हणतात, परत या. पासवर्ड देतो म्हणतात."

सुजाता आता इथे शिकवते. ती आतूनच म्हणाली, "त्या मशीनींचा? तो तं आमच्या सातवीतल्या पोरीलेही लागत नाही, दादा."

पोरं हसली. या वेळी मी मन लावून हसलो.

ही खोली म्हणजे सूडच आहे. दुसरं नाव देत नाही. ज्या चौदा ओळी मी लिहिल्या त्या मोठ्या अक्षरांत छापून खोलीच्या भिंतीवर लावल्या आहेत. खाली लिहिणाऱ्याचं नाव, म्हणजे माझं. नवं पोर आलं की त्याला भिंतीकडे तोंड करून उभं करतो. सांगतो, वाच. यातली कोणती ओळ तुझं पुसते, ते शोध. आणि ती लिहिणारा तुझ्याच वस्तीतला होता, हे विसरू नको.

सरांच्या सेंटरमधली विसावी खुर्ची रिकामी झाली तरी तो कागद मी काढणार नाही.