शेवटच्या पायरीवरचं शून्य

आमच्या दादाला कोणी विचारलं, "काय काम करतोस?" की तो आधी खिडकीबाहेर बघतो. मग म्हणतो, "आकडे नीट लावतो." लग्न ठरताना वहिनीच्या घरच्यांना वाटलं, हा दुकानांच्या पाट्या रंगवतो. शेवटी मीच त्यांना समजावून सांगितलं. कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम शंभर माणसं शंभर तऱ्हांनी लिहितात. दादाचं अवजार त्यांवरून फिरलं की सगळं लिखाण एका वळणाचं होतं. त्यातले आकडे हा खास दादाचा प्रांत. अर्धा लिहिताना कोणी नुसतं टिंब-पाच लिहितो, कोणी टिंबाआधी शून्य देतो, कोणी पाचाच्या मागे शून्यांची शेपटी लावतो. कुठलं शून्य ठेवायचं आणि कुठलं उडवायचं, यावर आमचा दादा आठवडाभर विचार करू शकतो. "किंमत तीच राहते गं, नुसती इस्त्री होते," असं म्हणतो, आणि तोवर हातातला चहा गार होतो.

तंद्री ही त्याची जन्माची खोड. दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून ऑफिसात गेलेला माणूस आहे हा. एकदा मला म्हणाला, "स्वप्नात आकडे नदीतून तरंगत येतात. अगदी सावकाश. मी काठावर बसून एकेकाची कॉलर सरळ करतो आणि पुढे सोडतो."

"आधी स्वतःची कर," मी म्हटलं.

पण स्वप्नात नदी यायचीच. बाबांनी एकतीस वर्षं रोज सकाळी नदीची पातळी मीटरमध्ये लिहिली. पुलाच्या खांबावर पट्टी रंगवलेली आहे. वरच्या कठड्यावरून तिच्या दहा-दहा सेंटिमीटरच्या जाड रेघा तेवढ्या दिसतात. बारीक रेघा वाचायच्या तर बेचाळीस पायऱ्या उतरायच्या आणि शेवटच्या पायरीवर वाकायचं. लहानपणी सुट्टीत आम्ही दोघं कठड्याशी उभे राहायचो. बाबा धुक्यात उतरत उतरत दिसेनासे व्हायचे. मग बराच वेळ काहीच नाही. नुसतं पाणी, आणि एकदम खालून आवाज, "तीन पूर्णांक चार सात!" मला अजून वाटतं, तो आवाज नदीचाच होता.

बाबा निवृत्त झाले. खात्यात जमा झालेल्या त्यांच्या वह्यांमधले आकडे मीच पाणी खात्याच्या प्रोग्रॅममध्ये टाइप केले, कारण मी तिथेच कारकून आहे. पुराचा इशारा देणारा प्रोग्रॅम आहे तो. गेल्या महिन्यात आमच्या खात्याने दादाचं अवजार घेतलं, आणि दादाने स्वतः येऊन ते बाबांच्या आकड्यांवरून फिरवलं. काय मिरवत होता! घरी येऊन म्हणाला, "बाबा, तुमची एकतीस वर्षं कशी चकाचक केली बघा."

पंधरा दिवसांनी नव्या इंजिनियर मॅडमनी टिपण काढलं. साधारण दहातल्या एका दिवशी टिंबानंतर एकच आकडा आहे. त्या दिवशी खाली न उतरता वरूनच जाड रेघ बघून अंदाजाने लिहिलेलं दिसतं. सबब अशा अकराशेच्या वर नोंदी इशाऱ्यासाठी धरू नयेत. बाई तशा भल्या. निर्णय घेण्याआधी बाबांना फोन केला, अगदी आदराने विचारलं, आणि नोंदींची यादी घरी पाठवून दिली.

बाबा दोन दिवस भिंग घेऊन यादी वाचत बसले. माझं डोकं फिरलं. "अंदाज म्हणे! मी उद्या त्या बाईंना चांगली सुनावते," मी म्हटलं.

"राहू दे गं," बाबा म्हणाले. "थंडीत कधी कंटाळा केला असेन. आता नीट आठवत नाही."

नोंदी गेल्या तर गेल्या, पण या माणसाला स्वतःचंच आयुष्य खरं वाटेनासं झालं होतं.

"हे बघ," त्यांनी भिंग एका ओळीवर धरलं. "दादा जन्मला तो दिवस. चार पूर्णांक दोन. म्हणजे उतरलोच नव्हतो मी. मग तुझ्या आईला काय सांगत होतो जन्मभर?"

ही गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ. दवाखान्यातून निरोप आला, तरी बाबा आधी पुलाखाली गेले. आई शेवटपर्यंत टोमणा मारायची, "मूल इकडे, आणि बाप नदीत वाकलेला!" बाबांचं उत्तर ठरलेलं असायचं, "पाणी चढत होतं, बघायला नको?"

दादा चहा घेऊन दारात उभा होता. नेहमीसारखा हरवलेला. पण चार पूर्णांक दोन ऐकलं आणि त्याची तंद्री खाडकन उतरली. त्याने यादी घेतली, पानं उलटली, आणि बाबांसमोर बसला.

"बाबा, हे मी केलं. शेवटची शून्यं उडवायचा नियम माझा आहे. तुमच्या वहीत चार पूर्णांक दोन शून्य असणार."

"अरे दीडशहाण्या!" मी ओरडलेच.

"मला वाटलं, शेवटचं शून्य म्हणजे काहीच नाही," तो पुटपुटला.

"काहीच नाही कसं?" बाबा हळूच म्हणाले. "खाली जाऊन वाकलो, तेव्हा तर कळलं ना शून्य आहे ते."

दुसऱ्या दिवशी दादा आमच्या ऑफिसात आला. प्रोग्रॅमची जुनी प्रत जपलेली असते, तीतून त्याने सगळी शून्यं परत आणली, आणि मॅडमसमोर उभं राहून चूक कबूल केली. मॅडमनी तिथल्या तिथे टिपण रद्द केलं. तो नियमही त्याने काढून टाकला. मोजून लिहिलेल्या आकड्याच्या शेपटीला त्याचं अवजार आता हात लावत नाही.

संध्याकाळी बाबा खुर्चीत डोळे मिटून बसले होते. दादा नवी यादी मोठ्याने वाचत होता, अगदी पुलाखालच्या सुरात. वाचता वाचता स्वतःच्या जन्मदिवसाशी आला. "चार पूर्णांक दोन शून्य!"

बाबांनी डोळे उघडले नाहीत. "बघ, उतरलो होतो," म्हणाले. आणि मग, "त्या शून्यापायीच तुझं तोंड बघायला उशीर झाला रे."

दादाला पुढचा आकडा वाचता येईना. मी त्याच्या हातातून यादी घेतली आणि पुढचं वाचायला लागले.