आबांची डावी पापणी

माझ्या सासऱ्यांच्या, म्हणजे आबांच्या, डाव्या डोळ्यात काचबिंदू निघाला तेव्हा घरातले सगळे घाबरले, आबा सोडून. आयुष्यभर एरंडोलजवळ शेती करून ते आता जळगावात, मेहरूणला आमच्याकडे राहत होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डोळ्यातला दाब वाढलाय. गेलेली नजर परत येणार नाही, पण रोज झोपताना एक थेंब टाकलात तर उरलेली टिकेल. आबांनी विचारलं, किती दिवस टाकायचा? जन्मभर, असं उत्तर आल्यावर ते म्हणाले, "म्हणजे फार नाही."

थेंब टाकायचं काम माझ्याकडे आलं. दाब उतरला आणि डाव्या पापणीचे केस वाढायला लागले. आबा सारखी चष्म्याची काच पुसत बसायचे. पापणी आतून काचेला घासते आहे हे आम्हाला उशिरा कळलं. भरघोस पांढऱ्या मिशांचा म्हातारा माणूस, आणि एका डोळ्याला काळेभोर, लांब, वर वळलेले केस. उजवा डोळा आपला होता तसाच बोडका. या औषधाने असं होतं, काळजी करू नका, असं बाईंनी फोनवर सांगितलं.

काळजी आम्ही केलीच नाही. पण धुळ्याला नात्यातलं लग्न निघालं. तिथे आबांची मोठी बहीण, सगळ्यांची अक्का, पंगतीत त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. तिने त्यांची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं आणि सगळ्यांदेखत विचारलं, "भाऊ, तू एकच डोयाले काजय लावस का रे?"

बायका गोळा झाल्या. नवरीला सजवायला आलेली पार्लरवाली हातातलं काम टाकून आली आणि केस खरे आहेत का, म्हणून विचारू लागली. डोळ्यात टाकायच्या थेंबांनी वाढलेत, असं मी म्हटल्यावर अक्काने नातीसाठी बाटली मागितली. हे औषध आहे, काचबिंदूचं आहे, असं मी सांगत होते, पण ऐकत कोणी नव्हतं. आबांनी मान खाली घालून जेवण संपवलं आणि परतताना जळगाव येईपर्यंत डाव्या डोळ्यावर रुमाल धरला.

दुसऱ्या दिवशी ते न्हाव्याकडे गेले आणि मिशीबरोबर डावी पापणीही कातरून आले. घरी आले तेव्हा चेहऱ्यावर समाधान होतं. संध्याकाळी डोळा लालभडक झाला, पाणी वाहू लागलं, उजेड सहन होईना. "डोयामा काटा शे," म्हणत ते डोळा चोळत राहिले. मी हात धरला तर दुसऱ्या हाताने चोळायला लागले.

सकाळी बाईंनी डोळ्यात पिवळा रंग टाकून निळ्या उजेडात पाहिलं आणि मलाही पडद्यावर दाखवलं. बुबुळावरच्या काचेवर, म्हणजे कॉर्नियावर, सगळीकडे बारीक हिरवे ठिपके होते आणि मधून एक लांब ओरखडा. त्यांनी समजावलं, की थेंब नासू नये म्हणून त्यात जे घालतात त्याने अश्रूंचा थर विरतो. रोज थेंब टाकून काच कोरडी पडते, तिचा वरचा पापुद्रा सुटायला लागतो. त्यावर कातरलेले केस चोळले गेले. मग त्यांनी विचारलं, हे केस कापले कोणी?

"मिशीबरोबरच आटोपले," आबा म्हणाले.

बाई बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या. त्यांचे खांदे हलत होते.

"थेंब बंद करू का?" आबांनी विचारलं.

"थेंब बंद केलात तर नजर जाईल. कात्री बंद करा."

मलमाने ओरखडा भरला. डोळा ओलसर ठेवायला वेगळे थेंब मिळाले, आणि काचबिंदूचं औषध तेच, पण ते टिकवणारा पदार्थ नसलेलं आलं. ठिपके हळूहळू गेले. केस मात्र पुन्हा आले, पहिल्यापेक्षा जोमाने.

पुढच्या तपासणीला आबांच्या शेजारी एक म्हातारे शिंपीचाचा बसले होते. त्यांच्या दोन्ही डोळ्यांना तसेच केस होते. आबा कितीतरी वेळ त्यांच्याकडे बघत राहिले. चाचाच मग आपणहून म्हणाले, की आमची बायको विचारते, लग्नाच्या वेळी हे कुठे ठेवले होते?

आबा त्यांच्याकडे सरकले. "काही करा," ते हळूच म्हणाले, "पण कापू नका."

चाचांनी कारण विचारलं. आबांनी चष्मा काढला आणि ओरखडा कुठे होता ते दाखवायला डोळा मोठा करून त्यांच्यापुढे धरला. चाचा वाकून पाहू लागले. आतून आबांच्या नावाचा पुकारा झाला, पण दोघांनाही ऐकू गेला नाही. शेवटी पुकारणारी मुलगी बाहेर आली आणि तीही वाकून पाहू लागली.