झऱ्याच्या वाटेवरचं रिसॉर्ट

मुलांनो, गेल्या आठवड्यात फोनवर तुम्ही विचारलंत, आजी, तुमच्याकडे एका दिवसात फिरून येण्यासारखं काय आहे? मी विषय बदलला. मला राग आला होता, तुमचा नव्हे. तो अजून उतरलेला नाही, म्हणून लिहूनच सांगते.

मी स्कॉटलंडला आले होते तेव्हा तुमच्या बाबांनी मला पडका मठ दाखवला, तळ्याकाठचा किल्ला दाखवला. माझ्या लक्षात राहिली ती मात्र टेकडी. तिची वाट एका शेतकऱ्याच्या कुरणातून जात होती. मेंढ्यांमधून चालताना कुणी ओरडेल म्हणून मी सारखी मागे बघत होते. शेतकरी ट्रॅक्टरवरून आला, जाताना फाटक लावून घ्या म्हणाला आणि निघून गेला.

आता आपलं ऐका. खानापूरच्या बाजूला आपल्या शेताच्या वरच्या अंगाला एक झरा आहे. हरभऱ्याला घाटे धरले की सगळं घर तिथे जेवायला जातं. घरातली थोरली बाई पहिला घास झऱ्याकाठच्या दगडावर ठेवते. तोवर कुणी खात नाही. त्यानंतर वाटेनं जो येईल त्याला हाक मारून बसवायचं, ओळख असो नसो. थोरलीला झेपेनासं झालं की ती तो घास त्याच दगडापाशी धाकटीच्या हातात देते. मग ते काम धाकटीचं.

माझ्या थोरल्या जाऊबाई, म्हणजे आक्का, यांचे गुडघे गेले आहेत. यंदा त्यांना तो घास माझ्या हातात द्यायचा होता. पुढच्या वर्षी ही चढण होईल याचा भरवसा नाही, असं त्या आदल्या दिवशी शेंगापोळ्या लाटताना शांतपणे म्हणाल्या.

झऱ्याखालचं ते शेत आण्णांनी, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांनी, विकलं आहे. घेणाऱ्यानं तिथे रिसॉर्ट बांधलं. झऱ्याची वाट तुमचीच राहील असा त्यानं शब्द दिला होता. मी तेव्हाच म्हटलं होतं, कागदावर घ्या. आण्णा म्हणाले, घरी येऊन पानसुपारी घेतलेल्या माणसाकडे कागद मागायचा म्हणजे त्याला तोंडावर चोर म्हणायचं. आपल्या घरात माणसं अशीच फसतात, सभ्यपणानं.

आम्ही पोचलो तेव्हा रिसॉर्टच्या फाटकावरच्या मॅनेजरनं डबे बघून हात आडवा केला. बाहेरचं जेवण आत चालत नाही. वर तिकीट, आणि मनगटाला कागदी पट्टी. झऱ्यापाशी फोटो काढायची जागा केली आहे, तसा बोर्डच लावला आहे. मी त्याच्याशी मराठीत बोलले, मग कन्नडमध्ये, मग इंग्रजीत. तिन्ही भाषांत त्यानं मला नियमच सांगितला. आण्णा मालकाला फोन लावत राहिले. तो उचलला गेला नाही.

शेवटी मॅनेजर आक्कांना म्हणाला, "आज्जी, तुमाला तिकीट नको. डबं हितं ठेवा आनी बघून या."

आक्का म्हणाल्या, "मी बघाय आलो न्हाय रं. मी काय पाव्हनी हाय व्हय?"

त्या रस्त्याच्या कडेला धोंड्यावर बसल्या. मी म्हटलं, आक्का, इथेच द्या माझ्या हातात, देव काही रागावणार नाही. मला त्यांच्या गुडघ्यांची काळजी होती. त्यांनी डबा पदराखाली ओढून घेतला.

"हितं न्हाय देनार गं. दिला तर ह्यो रस्ताच आपला झाला म्हनायचा. झरा गेला मग."

तेवढ्यात एक मोटार थांबली. आतल्या बाईनं काच खाली करून विचारलं, धपाटे कसे दिले? आम्ही विकायला बसलोय असं तिला वाटलं. एरवी आक्कांनी तिला मोटारीतून उतरवून पानावर बसवलं असतं. पण घास ठेवला नव्हता. त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. जेवण पुढ्यात असताना कुणाला परत पाठवताना मी आक्कांना पहिल्यांदा पाहिलं, आणि माझ्या डोक्यात जी तिडीक गेली ती अजून तशीच आहे.

सगळे डबे तसेच घरी आले. शेंगापोळ्या गाईला घातल्या.

मालकाचं घर बेळगावात, आपल्या अनगोळच्या घरापासून फार लांब नाही. मघाशी मी आण्णांना म्हटलं, उद्या सकाळी त्याच्या दारात जाऊन बसू. ते पेपरमागून म्हणाले, वाईट दिसतं ते.

मी पेपर काढून घेतला. इतक्या वर्षांत त्यांच्याशी आवाज चढवून कधी बोलले नव्हते.

"शब्द तुम्ही घेतला होता, आण्णा. आता मागायलाही तुम्हीच यायचं. आणि या वेळी कागद मी नेणार आहे."

 आण्णा आतल्या खोलीकडे बघून हळूच म्हणाले, ती येते का विचार. आक्का आतून म्हणाल्या, चप्पल घालूनच बसलोय.