खोका उद्या उघडायचा

आमच्या वन्संनी आयुष्यात एकही गोष्ट एकदम केलेली नाही. रागावतात तेही सावकाश. सोमवारी माझ्या हातून आमटीत मीठ जास्त पडलं तर त्याची बोलणी मला गुरुवारी बसतात, आणि तोवर कुठल्या आमटीबद्दल चाललंय हेच मी विसरलेली असते. पस्तीस वर्षांपूर्वी त्यांना एक चांगलं स्थळ सांगून आलं होतं म्हणे. ‘विचार करून सांगते’ म्हणाल्या. तो विचार अजून चालू आहे.

वन्सं म्हणजे आमच्या ह्यांची थोरली बहीण. नाशिकरोडला आमच्याकडेच असतात. निफाडकडच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये त्यांनी तीस वर्षं द्राक्षं सांभाळली. ऐन एप्रिलात स्वेटर घेऊन कामाला निघणारी अख्ख्या जिल्ह्यात ती एकटीच बाई असावी. तिथे त्या एक गोष्ट शिकल्या आणि ती त्यांनी साऱ्या जगाला लावली: गारठ्यातला माल एकदम उबेत आणायचा नाही. त्याला पाणी सुटतं, आणि पाणी सुटलं की माल गेला. मग काय, आमच्या घरात फ्रिजमधलं दूध आधी ओट्यावर बसतं, मग गॅसवर चढतं. उन्हातून आलेला पाहुणा आधी दाराबाहेरच्या स्टुलावर बसतो, मग आत येतो. एकदा मे महिन्यात ह्यांचे साहेब आले, तर वन्संनी त्यांनाही स्टूल दाखवलं. ‘टेका जरा. ऊन उतरू द्या.’ साहेब दहा मिनिटं चपलांच्या सोबतीनं बसले आणि पुन्हा कधी फिरकले नाहीत. हे चिडले, तर वन्सं म्हणाल्या, ‘दहा मिनिटं धीर नाही, तो कसला रे साहेब?’

माझं वन्संशी एक जुनं भांडण होतं. त्यांना ते ठाऊकच नव्हतं ही गोष्ट वेगळी. सव्वीस वर्षांपूर्वी मी लग्न होऊन या घरात आले, तेव्हा या बाईनं मला आठ दिवस स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नाही. उंबऱ्यात आडव्या उभ्या राहायच्या. ‘तू बस.’ बस म्हणजे काय? मी बसून रडले. आईला फोन करून सांगितलं, नणंद मला पाण्यात पाहते. नंतर आमचं गूळपीठ जमलं खरं, पण तो अपमान मी लोणच्यासारखा मुरवत ठेवला होता.

साठी उलटल्यावर वन्सं गिटार शिकायला लागल्या. देवळाली कॅम्पात एका सुभेदाराची बायको होती, पहाडातली. वन्सं तिला पहाडीण म्हणायच्या. दर रविवारी बसनं तिच्याकडे जायचं आणि तिची गिटार मांडीवर घ्यायची. बिल्डिंगमधल्या बायका हसल्या. एक तर तोंडावर म्हणाली, ‘या वयात टाळ धरावेत, ताई.’ वन्संनी आपली लाल झालेली बोटं तिच्या नाकासमोर धरली. ‘टाळानं बोटं दुखतात का? नाही ना? मग त्यात काय मजा!’

पुढे सुभेदार रिटायर झाले आणि दोघं गावी गेली. वन्सं दोन वर्षं मांडीवर लाटणं आडवं घेऊन बोटं चालवत होत्या. आणि मग एका जानेवारीत फोन आला. पहाडीण म्हणाली, ‘दीदी, मेरी उंगलियाँ अब मुड़ती नहीं. गिटार भेज रही हूँ. बर्फ गिर रही है, सँभालके खोलना.’

खोका आला तो भर दुपारी. रात्रभर कुरिअरच्या गोदामात गारठलेला, वर हात ठेवला तर बर्फाची लादी! उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तसे आमचे हे कात्री घेऊन तयार.

‘खोका उद्या उघडायचा,’ वन्सं म्हणाल्या.

‘ताई, अगं मोडतोडीची तक्रार आजच्या आज करावी लागते! उघडतानाचा व्हिडिओ लागतो. उद्या कुरिअरवाला दारात उभा करणार नाही.’

‘मोडली असेल तर ती आजही मोडलेली आणि उद्याही मोडलेली. पण धड असली, आणि गारठलेल्या लाकडाला एकदम ऊब लागून तडा गेला, तर तो तुझ्या कात्रीनं गेला म्हणून समजेन. तिच्याकडे दुसरी नाही. ठेव ती कात्री.’

खोका मधल्या खोलीत आडवा झाला. भिंतीपासून लांब, उन्हापासून लांब, वर गोधडी. मला हुकूम सुटला: कुकर लावायचा नाही, वाफ होते. संध्याकाळी गरम पाण्यानं आंघोळ नाही. ‘गिटार आहे ती, बाळंतीण नव्हे!’ हे ओरडले. शेजारणी डोकावून गेल्या. वन्सं स्टूल टाकून खोक्याशी बसून राहिल्या, एखाद्या पोलिसासारख्या.

पाच वाजता त्या तोंड धुवायला उठल्या आणि माझा संयम सुटला. खोटं कशाला बोलू? मी सुरी आणली. चिकटपट्टीत टोक घातलं, तोच मागून आवाज आला.

‘सगळ्या घराला घाई. तुला आणलं तेव्हाही हीच घाई!’

मी गर्रकन मागे वळले.

‘दुसऱ्याच दिवशी वीस माणसांच्या पुरणपोळ्या तुझ्याकडून करवून घ्यायच्या, असं आमच्या आईनं ठरवलं होतं. मी म्हटलं, परक्या हवेतून आलेली पोर आहे, आठ दिवस हिला कोणी हात लावायचा नाही. आई महिनाभर माझ्याशी बोलली नाही.’ त्यांनी माझ्या हातातली सुरी काढून घेतली. ‘तडा गेला असता तुला.’

सव्वीस वर्षं! सव्वीस वर्षं मी त्या उंबऱ्याला नावं ठेवली, आणि ही बाई तिथे माझ्यासाठी उभी होती. मला इतकं भरून आलं की मी तिथेच फरशीवर बसले. वन्संनी नुसतं स्टूल पुढे सरकवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता त्यांनी एकेक पट्टी कापली. झाकण तासभर नुसतं किलकिलं ठेवलं. आत गिटार धड होती, कुठे ओरखडाही नाही. तारा पहाडीणीनं आधीच सैल करून ठेवल्या होत्या. वन्संनी त्याही सावकाश आवळल्या. मग पहाडीणीला फोन लावला आणि स्पीकर चालू करून वाजवलं. दोनदा चुकल्या.

‘ठंड तो नहीं लगी उसे?’ पलीकडून पहाडीणीनं विचारलं.

‘लगने नहीं दी,’ वन्सं म्हणाल्या.

या गोष्टीला तीन हिवाळे झाले. आता वन्संचीही बोटं वळेनाशी झालीत, आधी करंगळी गेली, मग शेजारचं बोट. दुखणंसुद्धा सावकाशच येतंय बाईचं. परवा त्यांनी गिटार उचलली आणि माझ्या मांडीवर ठेवली. मी म्हटलं, ‘अहो वन्सं, मला कुठे येतं?’

‘एकदम वाजवायची नाहीच आहे. आठ दिवस नुसती घेऊन बस.’

बिल्डिंगमधली ती टाळवाली काल मला बघून हसली. खुशाल हस म्हणावं. हे विचारतात, नुसतं बसून काय होणार आहे? मी सांगितलंय, आज तिसरा दिवस आहे, मध्ये बोलायचं नाही.